रांजणापासून पाच पावलांवर

साहेबांनी सिस्टरला दवाखान्याच्या अंगणात उभं केलं तेव्हा दुपारचा एक वाजायला आला होता. महिना मे. तिच्या अंगावर ते कोरोनाचं पांढरं किट, डोक्यापासून पायापर्यंत बंद. हातात दोन-दोन मोजे, तोंडाला मास्क, वर काच. तिच्यापासून पाच पावलांवर निंबाचं झाड होतं आणि झाडाखाली पाण्याचा रांजण होता. तो रांजण तिनेच आणून ठेवला होता. रोज सकाळी ड्युटीवर आली की आधी तो भरायची, मग सही करायची.

"पाणी पिऊन झालंय ना तुझं?" साहेब म्हणाले. "मग राहा उभी. दोन वाजेपर्यंत."

मी रांजणातून पेला भरला आणि तिच्याकडे निघाले. दोन पावलं टाकली असतील. साहेब माझ्याकडे वळले. ओरडले नाहीत. ते कधीच ओरडत नसत. हळूच विचारलं, "अक्का, तुमचं वय किती हो?"

मी थांबले. हातात भरलेला पेला. पुढे नेण्याची हिंमत नाही, आणि मे महिन्यात जळगावात पाणी जमिनीवर ओतायला हात होत नाही. तो पेला मीच प्याले. सिस्टर काचेतून बघत होती.

हे आधीच सांगून टाकलं. पुढे मी तिच्याबद्दल चांगलं बोलेन तेव्हा तुम्हाला वाटेल, या म्हातारीचा किती जीव होता पोरीवर. जीव होता. पण पेला मी प्याले, हे ध्यानात असू द्या.

मी त्या दवाखान्यात बावीस वर्षं आया होते. दवाखाना खाजगी, जळगावातलाच. माझं शाळेचं शिक्षण चौथी. भांडं द्यायचं, चादरी बदलायच्या, बाळंतिणीचे पाय चेपायचे, मेलेल्याला पुसून नेटकं करायचं, ही माझी कामं. माझं तोंड फाटकं आहे असं सगळे म्हणत. डॉक्टरांनाही मी तोंडावर बोलायचे आणि ते हसून सोडून द्यायचे.

सिस्टर कोरोनाच्या सहा वर्षं आधी लागलेली. तिशीची असेल. लग्न केलेलं नव्हतं. अब्बा पिंजारी, गाद्या-रजया भरायचे. कापसाचं तूस आयुष्यभर छातीत गेलेला माणूस, सारखा खोकायचा. ती आमच्या पिंप्राळ्यातलीच, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. तिच्याकडे जुनी स्कूटी होती. येताना-जाताना मी मागे बसायचे.

तिचं एक वाक्य होतं. "आधी पाणी प्या. मग बोला." कुणीही येऊ दे, हेच. खेड्यावरचा माणूस असला की अहिराणीत, "पह्यले पानी पी ल्या, मंग बोला." आता खानदेशात यात नवल काही नाही. उन्हातून आलेला वैरी का असेना, आधी तांब्या पुढे करायचा आणि मग काम विचारायचं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. पण दवाखान्याची पायरी चढली की सगळे ते विसरतात. तिथे आधी कागद मागतात. ती विसरली नाही, एवढंच तिचं वेगळेपण.

कोरोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात एकदा यावलकडचा एक जण काठी घेऊन आत घुसला. बापाला खाट मिळत नव्हती. वॉचमन कुठे गेला ते वॉचमनलाच माहीत. ही पेला घेऊन पुढे झाली.

"पह्यले पानी पी ल्या भाऊ. मारनं व्हई ते मंग मारा."

त्याचे हात इतके कापत होते की पेला दोन्ही हातांनी धरावा लागला. म्हणून काठी काखेत गेली. काखेत काठी धरलेला माणूस मारत नाही, हे मी तेव्हा पाहिलं. पाणी पिऊन तो जमिनीवर बसला आणि "मना बाप मरी जाई वं माय" म्हणून रडला. खाट मिळायला तीन तास लागले. तेवढा वेळ बाप बाकावर आणि ही त्याच्या उशाशी सिलिंडरला हात लावून उभी.

वॉर्डात दीपनगरचा एक म्हातारा होता. वीजकेंद्रातून रिटायर झालेला, हट्टी. पाणी प्यायचा नाही, लघवीला उठावं लागतं म्हणून. ती चमचा घेऊन त्याच्याजवळ बसायची. "नाना, एक चमचा केंद्राच्या नावानं. आता एक चिमणीच्या नावानं." चिमणी म्हणजे तिथल्या वीजकेंद्राची, धुराची. म्हातारा हसायचा आणि गिळायचा. किटात आम्ही सगळ्याच सारख्या दिसायचो, फुगवलेल्या गोण्या. म्हातारा तिला आवाजावरून ओळखायचा. पाणीवाली म्हणायचा.

आणि ती स्वतः? किट घातलं की सहा तास पाणी नाही. लघवी लागली तर किट काढावं लागणार, आणि काढलं की गेलं. ड्युटीला एकच किट, असा साहेबांचा नियम. त्यात रमजान लागला. ती पहाटे जेवून येई, दिवसभर रोजा. ओठ फुटलेले. आणि हातात कायम दुसऱ्यासाठी पेला.

मी एकदा विचारलं, "तहान लागत नाही का गं तुला?"

"लागते ना अक्का. पण किटात सगळ्यांनाच रोजा आहे. माझा तेवढा वर लिहिला जातो."

असं बोलायची. तिच्यासोबत स्कूटीवरून घरी येणं हा माझा दिवसातला बरा वेळ होता. आमच्या गल्लीत तेव्हा दवाखान्यात काम करणारीला कसं वागवत होते ते तुम्हीही पाहिलं असेल. कदाचित वागवलंही असेल. संध्याकाळी थाळ्या वाजवल्या त्याच बायका आमची स्कूटी गेली की मागे रस्त्यावर फिनेल ओतायच्या. तिच्यामागे जरा जास्त ओतायच्या, का ते तुम्हाला कळतं. "त्यांनीच आणलाय" असं एकीने मला ऐकू येईल असं म्हटलंही होतं. मी गाडीवरूनच तिच्या सात पिढ्या काढल्या. सिस्टर म्हणाली, "जाऊ द्या अक्का. आपण यायच्या म्हणून रस्ता धुतात. कलेक्टरीणबाई असल्यासारखं वाटतं."

आता साहेब. साहेब म्हणजे डॉक्टर नव्हेत, मॅनेजर. मालकांच्या नात्यातले. खिशात सॅनिटायझरची छोटी बाटली, बोलताना मधेच हातावर थेंब घ्यायचे. कोरोनाच्या वॉर्डात ते एकदाही आले नाहीत. काचेच्या दारापर्यंत यायचे. तिथून बोटाने कुणालाही बोलवायचे.

त्यांचं आणि सिस्टरचं बिनसलं ते मास्कवरून. एकच मास्क आम्हाला आठ-आठ दिवस वापरायला लावत होते. सगळ्यांच्या मिटिंगमध्ये, डॉक्टरही बसलेले, ती उठून म्हणाली, "साहेब, हा मास्क आता मास्क राहिला नाही, पायपुसणं झालाय." डॉक्टर हसले. साहेबही हसले. पण त्या दिवसापासून ते तिला मॅडम म्हणायला लागले.

"मॅडमना विचारा. मॅडमना चालेल का?"

बाकीच्यांना सात दिवस कोरोना वॉर्ड केला की चार दिवस सुटी मिळे. तिला सलग तीन आठवडे तिथेच ठेवलं. स्टाफचा तो मोबाईलवरचा ग्रुप होता, त्यावर रोज तिला काही ना काही. माझ्याकडे बटणांचा फोन. दुसऱ्या पोरी मला वाचून दाखवायच्या आणि वाचताना दबक्या आवाजात हसायच्या. तिच्यावर नव्हे. भीतीने हसतात ना, तसं. "काही मॅडमना सण महत्त्वाचे आहेत, पेशंट नाहीत." असं लिहिलेलं. खाली सगळ्यांचे अंगठे. तेही भीतीने.

सण म्हणजे काय, तर रमजानात तिने सकाळची ड्युटी मागितली होती. दुपारची असली तर रोजा सोडायची वेळ वॉर्डात होते आणि किटात खजूर तोंडात घालता येत नाही. तिने रीतसर अर्ज दिला, रोजा असल्यामुळे सकाळची पाळी द्यावी. साहेबांनी दिली. चांगुलपणाने दिली असं नाही, हाताशी काहीतरी राहावं म्हणून दिली. माणसाला हवं ते देऊन बांधता येतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मलाही त्यांनी तसंच बांधलं होतं. साठीवरच्या माणसांना कामावर ठेवू नका असा तेव्हा आदेश होता. मी बासष्टची. दवाखान्याच्या कागदावर अठ्ठावन्न. नवरा अर्धांगाने चार वर्षं खाटेवर. मी साहेबांच्या पाया पडले होते. ते म्हणाले, "अक्का, मी कागद पाहतो. तुम्हाला थोडंच पाहतो?" त्या दिवशी मला ते बोलणं फार गोड लागलं.

तर तो दिवस. रमजानचे वीस-एकवीस रोजे झाले असतील. बारा वाजून गेल्यावर ती वॉर्डातून बाहेर आली, दुसऱ्या सिस्टरला सांगून. कपडे बदलायच्या खोलीत मी चादरी मोजत होते. म्हणाली, "अक्का, दार लावा जरा."

तिची पाळी आली होती. चार दिवस आधीच. किट आतून खराब झालं होतं. ते काढलं, पिवळ्या पिशवीत टाकलं. तिच्याजवळ काही नव्हतं, दुकानं बंद, आणि मेट्रनबाईंच्या कपाटाला कुलूप. मी माझ्या पिशवीतली भाकरी काढली आणि भाकरीचा फडका तिला दिला. जुन्या लुगड्याचा होता, धुतलेला.

"अक्का, यात तुम्ही भाकरी बांधता."

"आता तू बांध," मी म्हटलं. ती हसली.

मग तिने दुसरं किट चढवलं. चेन लावायच्या आधी बाहेर पॅसेजमध्ये आली आणि माठातलं पाणी प्यायली. दोन पेले. अशा दिवसात त्यांच्यात बाईचा रोजा नसतो. तो तुटलेलाच असतो. पुढे कधीतरी भरून काढतात. हे मला माहीत, कारण आमची निम्मी गल्ली मुसलमान आहे. आणि माहीत नसतं तरी काय? कुठल्याही बाईला अंदाजाने कळेल. देव कुठलाही असो, त्या चार दिवसांत तो बाईला बाजूला बसवतो.

पुरुषाला कळत नाही. साहेब काचेच्या दाराशी उभे होते. त्यांनी तिला पाणी पिताना पाहिलं.

त्यांच्या चेहऱ्यावर मी असा आनंद आधी कधी पाहिला नव्हता. रुपया सापडल्यासारखा.

"मॅडम, रोजा आहे ना तुमचा?"

"आज नाही साहेब."

"आज नाही? का नाही?"

ती गप्प.

"अर्ज दिलाय तुम्ही. रोजा म्हणून सकाळची ड्युटी घेतलीत. आणि इथे लपून पाणी पिता? आणि हे दुसरं किट? सकाळचं कुठंय?"

"खराब झालं."

"कशानं खराब झालं?"

तेवढ्यात मेट्रनबाई आल्या. बाई माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, तीन लेकरांची आई. त्यांनी सिस्टरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या उघड्या भाकरीकडे बघितलं. त्यांना कळलं. मग त्यांनी हातातलं घड्याळ बघितलं.

आता इथली रीत तुम्हाला सांगते, म्हणजे माझा दोष नीट कळेल. ही गोष्ट पोरीने स्वतः पुरुषाला सांगायची नसते. तिच्यासोबत जी मोठी बाई असेल तिने एवढंच म्हणायचं, "तिला अडचण आहे." बास. शेतात असो, लग्नात असो, एस. टी. थांबवायची असो. एवढं म्हटलं की पुरुष मान फिरवतो आणि विषय तिथेच संपतो. कितीही हलकट असला तरी फिरवतो. ते म्हणण्याचा मान मोठ्या बाईचा. तिथे सगळ्यात मोठी मी होते.

तीन शब्द होते.

पुढे लोकांना मी सांगत आले की बाई, पुरुषांसमोर लाज वाटली. खोटं आहे. मला कसली लाज? बावीस वर्षं मी माणसांची भांडी उचलली. मला भीती वाटली. मी तोंड उघडलं तर साहेब मान फिरवतील आणि उद्या माझा कागद बघतील. तेवढाच हिशेब मी केला, आणि तो करायला मला चौथीचं शिक्षण पुरलं.

"लाव चेन," साहेब तिला म्हणाले. मॅडम गेलं, तू आलं. "वॉर्डात नको जाऊ. हे किट वाया गेलंच आहे, तर उन्हात उभी राहून घालव. सगळ्यांना दिसू दे खोटं बोलल्यावर काय होतं."

आत वॉर्डात अठरा पेशंट आणि एकच सिस्टर. दुसरी अंगणात उभी.

मग ते पेल्याचं झालं. ते मी सांगितलंच.

गोष्टीत असतं तर ती चक्कर येऊन पडली असती, आणि डॉक्टर धावत आले असते, साहेबांना बोलले असते. ती पडली नाही. डॉक्टर वरच्या खिडकीत आले, बघितलं, आत गेले. खिडक्यांमध्ये पोरी उभ्या होत्या. मला आत जावं लागलं, दीपनगरच्या म्हाताऱ्याने चादर ओली केली होती. तो म्हणाला, "पाणीवाली कोठे गयी?"

"आहे," मी म्हटलं. "बाहेर उभी आहे."

"मंग बलाव ना तिले."

मी चादर बदलली.

दोन वाजता तिने किट काढलं. मोजे उलटे केले तेव्हा त्यातून घाम पाण्यासारखा गळाला, खाली ओल झाली. चेहरा भाजलेल्या वांग्यासारखा. ती रांजणाकडे गेली आणि तीन पेले पाणी प्यायली, सावकाश, सगळ्यांना दिसेल असं. मग रांजणावरचं ओलं फडकं सरळ केलं. आणि मला म्हणाली, "चला अक्का, घरी नाना वाट बघत असतील." नाना म्हणजे माझा नवरा.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी ऑफिसात बोलावलं. ते, मेट्रनबाई, सिस्टर आणि मी. टेबलावर कागद तयार होता. मी उलटा वाचला. उलटं वाचायला मी डॉक्टरांच्या टेबलांवरून शिकलेय. रोजा असल्याचे खोटे सांगून मी ड्युटी बदलून घेतली आणि निष्काळजीपणाने किट वाया घालवले, असं काहीसं. खाली तिच्या सहीची जागा.

"सही कर, विषय संपला," साहेब म्हणाले. "नाही केलीस तर उद्यापासून येऊ नको, आणि अनुभवाचं सर्टिफिकेट मागायला तर मुळीच येऊ नको."

ते सर्टिफिकेट म्हणजे काय हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. सरकारी भरती निघणार होती. तिने सहा वर्षं त्या एका कागदासाठी काढली होती. सरकारी नोकरी लागली की अब्बांचं पिंजण बंद करायचं, हे ती स्कूटीवर मला शंभरदा बोलली होती.

तिने कागद वाचला. म्हणाली, "साहेब, हे खरं नाही."

"मग खरं काय ते सांग."

तिने कागद परत टेबलावर ठेवला. साहेब माझ्याकडे वळले. बाटली काढून हातावर थेंब घेतला, हात चोळले.

"अक्का, काल तुम्ही खोलीत होतात. हिनं किट का काढलं?"

सिस्टरने माझ्याकडे बघितलं. विनवणी नव्हती तिच्या डोळ्यांत. मास्क वर होता, डोळेच दिसत होते. पेशंटची नाडी धरून घड्याळाकडे बघताना ती जशी बघायची, तशी बघत होती. मोजत होती.

"मला माहीत नाही साहेब. मी चादरी मोजत होते," मी म्हटलं.

मेट्रनबाईंनी सुटकेचा श्वास सोडला. तो मला ऐकू आला.

सिस्टरने पेनाला टोपण लावलं आणि पेन कागदावर आडवं ठेवलं. "आधी पाणी प्या साहेब," ती म्हणाली. "तुमच्या घशाला कोरड पडलीय." आणि बाहेर गेली.

जिन्यात मी तिला गाठलं. म्हटलं, "तूच का नाही सांगितलंस? लिहून द्यायचंस."

"आणि ते ग्रुपवर टाकायचे. खाली अंगठे." ती थांबली. "माझं सांगणं वेगळं, अक्का. तुमचं सांगणं वेगळं होतं."

एवढंच ती मला बोलली. आयुष्यात एवढंच.

मी पायी निघणार होते. कुठल्या तोंडाने मागे बसू? फाटकाशी आले तर स्कूटी चालू करून ती उभी. "बसा." मी बसले. रस्ता मोकळा, पोलिसांनी अडवलं, तिने कार्ड दाखवलं, सोडलं. ते कार्ड त्या दिवशी शेवटचं चाललं. पिंप्राळ्यात माझ्या दाराशी तिने गाडी थांबवली, डिकी उघडली आणि एक घडी माझ्या हातात दिली. गादीच्या खोळीचं जाड कापड, निळ्या पट्ट्यांचं, कडा शिवलेल्या.

"अब्बांकडून घेतलं. तुमच्या भाकरीला."

म्हणजे ते तिने सकाळीच आणलं होतं. ऑफिसात मला विचारायच्या आधी. मी काय बोलेन ते माहीत नसताना आणलं होतं, आणि माहीत झाल्यावर दिलं. शेजारणीने आमच्यामागे फिनेल ओतलं. सिस्टर गेली.

रांजण मी आठ दिवस भरला. मग पाठ धरली, सोडून दिला. नवव्या दिवशी कोणीच भरला नाही. जूनच्या आत तडकला.

दीपनगरचा म्हातारा बरा होऊन घरी गेला. जाताना त्याने पाणीवालीची चौकशी केली. मी सांगितलं, सुटीवर आहे.

पुढे पावसाळ्यानंतर दवाखान्यात कोरोना योद्ध्यांचा सत्कार झाला. साहेबांनी भाषण केलं. आमच्या परिवारातल्या एकेका योद्ध्याने, वगैरे. मला शाल, नारळ आणि सर्टिफिकेट मिळालं. नाव चुकीचं होतं, वय नव्हतं. नारळाची चटणी केली. सर्टिफिकेट पिठाच्या डब्याखाली आहे, डबा डुगडुगतो म्हणून. सिस्टरला तिचं सर्टिफिकेट मिळालं नाही ते नाहीच. ती दोनदा मागायला आली होती म्हणे. दोन्ही वेळा माझी सुटी होती. असं मी म्हणते. एकदा होती.

दुसऱ्या उन्हाळ्यात पुन्हा तेच, आणि जास्तच. मेट्रनबाई आमच्याच वॉर्डात ॲडमिट झाल्या. शेवटच्या दोन दिवसांत त्यांना पाणी मी पाजलं, चमच्याने. दोघींना एकच आठवत होतं असं मला वाटतं. त्यांना पुसून नेटकंही मीच केलं.

नवरा त्याच वर्षी गेला, कोरोनाने नाही, त्याच्या दुखण्याने. मग मला कसलीच भीती उरली नाही. भीती गेल्यावर माणसाला स्वतःचं स्वच्छ दिसतं. त्याचा उपयोग काही नसतो.

तिचे अब्बा वारले आणि ती भावाकडे धुळ्याला गेली, एवढं गल्लीत कळलं होतं. मागच्या उन्हाळ्यात मी एस. टी. त बसले आणि धुळ्याला गेले. पारोळा मागे पडेपर्यंत मनात वाक्य जुळवत होते. "मी 'तिला अडचण आहे' म्हणायला हवं होतं" असं काहीतरी. चौथी शिकलेल्या बाईला वाक्य जुळवायला वेळ लागतो.

ती एका छोट्या डॉक्टरच्या दवाखान्यात काम करते. एक खोली, बाहेर पत्र्याची सावली, बाकावर पाच-सात माणसं. इंजेक्शन देते, चिठ्ठ्या फाडते, झाडूही तीच मारत असावी. केसांत थोडं पांढरं आलंय. दाराशी माठ, माठावर ओलं फडकं.

मी पायरीशी उभी राहिले. तिने मान वर केली. ओळखलं. उठली, माठातून पेला भरला, बाहेर आली.

"आधी पाणी प्या, अक्का."

मी घेतला. प्याले. पूर्ण प्याले. ऊन फार होतं. रिकामा पेला तिच्या हातात दिला आणि थांबले. आता ती म्हणेल, मग बोला. तसंच म्हणायची ती, सगळ्यांना, काठी घेऊन आलेल्यालाही.

तिने पेला उलटा करून माठावर ठेवला आणि बाकाकडे वळून म्हणाली, "कोणाचा नंबर?"

एक माणूस उठला. ती त्याच्यासोबत आत गेली. मी थोडा वेळ पत्र्याखाली बसले, मग बसस्टँडवर आले. पिशवीतून भाकरी काढली. निळ्या पट्ट्यांचा फडका आता विरलाय, पण टिकलाय. जाड आहे.

त्या दिवशी पॅसेजमध्ये आम्ही चौघं होतो. मेट्रनबाई गेल्या. साहेब आहेत, आता मोठ्या दवाखान्यात आहेत. मी आहे. सिस्टर आहे, धुळ्याला.